प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. दोन्ही नावे एकाच गृहस्थांची, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. रस्ता समाजसुधारक आगरकरांच्या नावाचा. संस्था मालवणात १८८४ साली जन्मलेल्या डॉ. आघारकरांच्या नावाची. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकणाऱ्या तुम्हाला हे दुसरे गृहस्थ ठाऊक असायला हवेत.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवीत. पुस्तकातील आकृत्या फळ्यावर काढून भागवता आले असते, पण हे सह्याद्रीत हिंडत. १९११ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात, त्यांना लहान नाण्याएवढा जेलीफिश सापडला. मालवणच्या माणसाला जेलीफिशचे काय कौतुक! नवल हे, की तो घाटावर, गोड्या पाण्यात होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अ‍ॅनंडेल यांनी त्याला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. त्याचे भाऊबंद तोपर्यंत फक्त आफ्रिकेत ठाऊक होते. वर्गाबाहेर पाऊल टाकले नसते तर तो प्राणी आघारकरांना कसा दिसला असता?

पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनावर नेमले आणि अभ्यासासाठी परदेशी पाठविले. ते जर्मनीत असतानाच १९१४ चे महायुद्ध पेटले. शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून ते स्थानबद्ध झाले. ऐन उमेदीची वर्षे अशी अडकली, तरी १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. नंतर १९४६ पर्यंत त्यांनी कलकत्त्यात अध्यापन केले. कोकणातला हा शिक्षक, समोर बंगाली विद्यार्थी.

तुमच्या वर्गाचा विचार करा. कोणी कोकणचा, कोणी मराठवाड्याचा, कोणाचे वडील कारखान्यात कामाला म्हणून बिहारहून आलेले. घरी कोणाची उर्दू, कोणाची मराठी. एकाच झाडाला कोणी कडुलिंब म्हणेल, कोणी नीम. लॅटिन नाव पाठ करण्याचा कंटाळा येतो खरा, पण या साऱ्यांना एका फांदीपाशी आणायला तेच उपयोगी पडते. आणि फांदी हातात असावी; जर्नलमध्ये दुसऱ्याची आकृती उतरवून काढण्यात काही राम नाही.

निवृत्त झाल्यावर आघारकर पुण्यास आले आणि १९४६ मध्ये उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक झाले. १९६० मध्ये ते निवर्तले. संस्थेला त्यांचे नाव १९९२ मध्ये मिळाले. तेथील सुकवलेल्या वनस्पतींचा संग्रहही त्यांच्याच नावाने आहे. चिंचवडहून लोकलने शिवाजीनगरला उतरलात, तर संस्था फार लांब नाही.