लोकनायकांची अखेरची चार वर्षे

८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे निधन झाले, तेव्हा सत्त्याहत्तरावा वाढदिवस अवघ्या तीन दिवसांवर आला होता. त्यांच्या जीवनाविषयी आजवर विपुल लिहिले गेले आहे. मात्र आयुष्याची अखेरची सुमारे चार वर्षे त्यांचे रक्त त्यांची स्वतःची मूत्रपिंडे नव्हे, तर एक यंत्र शुद्ध करीत होते आणि त्याच काळात त्यांनी देशाच्या राजकारणाला निर्णायक वळण दिले, ही गोष्ट सहसा ओझरतीच सांगितली जाते. या पर्वाचा मोठा भाग मुंबईत घडला.

जयप्रकाशांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ रोजी गंगा व घाघरा यांच्या संगमाजवळील सिताबदियारा या गावी झाला. १९२० मध्ये त्यांचा विवाह प्रभावतीदेवींशी झाला. १९२२ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि मिळेल ते कष्टाचे काम करीत त्यांनी समाजशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले. पती परदेशी असताना प्रभावतीदेवी गांधीजींच्या आश्रमात राहिल्या. १९२९ मध्ये मायदेशी परतलेल्या जयप्रकाशांनी स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली.

महाराष्ट्राशी त्यांचा ऋणानुबंध जुळला तो तुरुंगात. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांना नाशिकच्या कारागृहात ठेवण्यात आले. तेथे अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, ना. ग. गोरे यांच्यासारख्या तरुणांच्या सहवासात समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली आणि १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. १९४२ च्या दिवाळीत हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून ते निसटले, पुढे पकडले गेले आणि लाहोरच्या किल्ल्यात त्यांनी छळ सोसला. स्वातंत्र्यानंतर सत्तेच्या वाटेने न जाता १९५४ मध्ये त्यांनी विनोबांच्या भूदान कार्यास जीवनदान केले. १९७३ मध्ये प्रभावतीदेवी गेल्या. त्या दुःखातून सावरत असतानाच १९७४ मध्ये बिहारच्या विद्यार्थ्यांनी त्यांना आंदोलनाचे नेतृत्व करण्याची गळ घातली आणि ५ जून रोजी पाटण्याच्या गांधी मैदानातून संपूर्ण क्रांतीची हाक उमटली.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि पहाटेच्या सुमारास जयप्रकाशांना दिल्लीत अटक झाली. पुढे त्यांना चंडीगडच्या वैद्यकीय संस्थेत स्थानबद्ध करण्यात आले. मधुमेह त्यांना आधीपासूनच होता. शरद ऋतूच्या सुरुवातीस पोटदुखी बळावली आणि प्रकृती खालावत गेली. १२ नोव्हेंबर रोजी त्यांची सुटका झाली. दिल्लीहून त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात हलविण्यात आले, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे स्पष्ट झाले. कैदेत उपचारांची हेळसांड झाली काय, यावर पुढे बराच वाद झाला. योगायोग असा, की पेडर रोडवरील या रुग्णालयाचे औपचारिक उद्घाटन जुलै १९७३ मध्ये खुद्द इंदिरा गांधी यांच्याच हस्ते झाले होते.

जयप्रकाशांनी नेमके काय गमावले होते, हे समजण्यासाठी मूत्रपिंडाचे कार्य जाणून घ्यावे लागते. मुठीएवढ्या या प्रत्येक अवयवात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा सतत मूत्रपिंडांकडे जातो. नेफ्रॉनच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो. त्यातून रक्तातील पाणी, क्षार, साखर, युरिया, क्रिएटिनिन असे लहान रेणू दाबाखाली गाळले जातात. रक्तपेशी व मोठी प्रथिने मात्र रक्तातच राहतात. असा सुमारे १८० लिटर द्रव दिवसाकाठी गाळला जातो. तो सारा बाहेर पडला, तर माणूस काही तासही जगणार नाही. म्हणून पुढच्या बारीक नलिका साखर, उपयुक्त क्षार आणि जवळजवळ सर्व पाणी पुन्हा रक्तात शोषून घेतात. शिवाय जादा पोटॅशियम, आम्ल आणि अनेक औषधांचे अंश त्या रक्तातून वेचून बाहेर टाकतात. अखेरीस दीड-दोन लिटर मूत्र उरते. हे काम थांबले की युरिया साचतो, फुप्फुसांत पाणी भरते आणि वाढलेले पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते.

या गाळणीला पर्याय शोधला तो नेदरलँड्समधील विलेम कोल्फ या डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, त्यांनी सेलोफेनच्या नळ्यांतून रक्त फिरवून पहिले उपयुक्त डायलिसिस यंत्र घडविले. पातळ पडद्याच्या एका बाजूस रक्त व दुसऱ्या बाजूस विशिष्ट क्षारांचे पाणी ठेवले, की रक्तातील त्याज्य द्रव्ये कमी सांद्रतेकडे, म्हणजे पाण्यात, उतरतात. परंतु दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० मध्ये अमेरिकेतील सिअॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या धमनी व शिरेत कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसविली आणि वर्षानुवर्षे डायलिसिस घेणे शक्य झाले. उपचारांसाठी १९७७ मध्ये जयप्रकाश गेले ते याच सिअॅटलला.

यंत्र मूत्रपिंडाची पूर्ण जागा घेऊ शकत नाही. मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास अखंड राबते. यंत्राला मिळतात जेमतेम बारा-पंधरा तास. मधल्या काळात पाणी मोजून प्यावे लागते, मीठ व फळे बेतानेच घ्यावी लागतात आणि उपचारानंतर ग्लानी येते. जसलोकमध्ये डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली जयप्रकाशांचे हे नवे जीवन सुरू झाले. यंत्रासाठी पंतप्रधान मदत निधीतून आलेली रक्कम त्यांनी नम्रपणे परत केली आणि सामान्य माणसांनी दिलेल्या वर्गणीचा स्वीकार केला.

जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. विखुरलेल्या विरोधकांना एका पक्षात आणण्यासाठी जयप्रकाशांनी आपले सारे नैतिक वजन खर्ची घातले. डायलिसिसचे वेळापत्रक सांभाळत ते प्रचारालाही गेले. मार्चमध्ये जनता पक्ष विजयी झाला आणि नव्या खासदारांना त्यांनी राजघाटावर शपथ दिली. स्वतः कोणतेही पद घेतले नाही. पुढे त्यांच्याच डोळ्यांदेखत तो पक्ष कलहाने पोखरला गेला. मार्च १९७९ मध्ये तर ते जसलोकमध्ये जिवंत असताना पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत त्यांच्या निधनाची चुकीची वार्ता जाहीर केली. जुलैमध्ये सरकार कोसळले आणि ऑक्टोबरमध्ये लोकनायक गेले. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

जयप्रकाशांना ही वर्षे लाभली, कारण त्यांना यंत्रापर्यंत पोहोचता आले. त्या काळी देशात अशी केंद्रे मोजकीच होती आणि बहुतेक रुग्ण उपचारांविना दगावत. आज जिल्हा रुग्णालयांतील गरीब रुग्णांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, राज्याच्या आरोग्य योजनेतही हा उपचार अंतर्भूत आहे. तरीही वाढवणसारख्या किनारी गावातील वा तलासरीच्या पाड्यावरील रुग्णाला आठवड्यातून तीनदा घर ते केंद्र हे अंतर कापावे लागते. ती तीन दिवसांची मजुरीही बुडते. रक्त गाळण्याचे शास्त्र आता सर्वज्ञात आहे. ते शेवटच्या माणसाच्या उंबरठ्याजवळ नेणे, हे लोकवर्गणीचा मान राखणाऱ्या त्या नेत्याचे खरे स्मरण ठरेल.