चार्ल्स ब्रॅडलॉ : शब्बाथशाळेचा एक शिक्षक

मंडळ्यांतील उपदेशक बंधू आम्हांस वारंवार एकच प्रश्न करीत असतात. ज्या मुलाचा बाप्तिस्मा आईच्या मांडीवर असताना झाला, ज्याने वचने पाठ म्हणून बक्षिसे मिळविली व ज्याच्या घरी सांजसकाळ कुटुंबोपासना होत आली, तोच मुलगा मोठा होऊन देव नाही असे म्हणू लागतो, याचे कारण काय? खेड्यांतून नोकरीधंद्यासाठी आमच्या कामोठ्यास येऊन राहिलेल्या तरुणांतही असे कित्येक आढळतात. बहुतेक लोक याचे कारण म्हणून शहराकडे, कॉलेजाकडे अथवा वाईट संगतीकडे बोट दाखवितात. ही कारणे खोटी आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ती सर्व आपल्या उंबरठ्याबाहेरची असल्यामुळे आपणांस फार सोयीची वाटतात. म्हणून गेल्या शतकापूर्वीच्या एका नामांकित नास्तिकाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवतो. हा गृहस्थ इंग्लंडातला असला तरी आयुष्याच्या अखेरीस मुंबईस येऊन गेला होता, व त्याच्या स्वागतास हजारो लोक जमले होते.

चार्ल्स ब्रॅडलॉ याचा जन्म ता. 26 सप्टेंबर 1833 रोजी लंडन शहराच्या हॉक्स्टन नावाच्या गरीब वस्तीत झाला. बाप एका वकिलाच्या कचेरीत कारकून होता. अकराव्या वर्षी मुलाची शाळा सुटली. प्रथम त्याने निरोप पोहोचविण्याचे काम केले, व पुढे तो एका कोळशाच्या व्यापाऱ्याकडे कारकून राहिला. घरची माणसे देवळास जाणारी होती, व चार्ल्स इतका हुशार आणि नेमस्त की अल्पवयातच त्यास शब्बाथशाळेत शिक्षक नेमण्यात आले. येथवर पाहता आपल्या मंडळीतील कोणत्याही होतकरू मुलाचेच हे वर्णन आहे.

पुढे लंडनचे बिशप दृढीकरणाच्या विधीसाठी येणार असे ठरले. तेथील पाळक रेव्हरंड पॅकर यांनी आपल्या मुलांतील सर्वांत तयारीचा म्हणून चार्ल्सला निवडले व त्यास नीट अभ्यास करावयास सांगितले. मुलाने तो अभ्यास मनापासून केला. इंग्लंडच्या मंडळीची धर्ममताची 39 कलमे एका बाजूस व चारही शुभवर्तमाने दुसऱ्या बाजूस ठेवून तो ती ताडून पाहू लागला, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत असे त्यास आढळले. तेव्हा त्याने पाळकसाहेबांस नम्रतेने पत्र लिहिले व या ठिकाणी मला साहाय्य करावे अशी विनंती केली. मुलाचे वय त्या वेळी 15 वर्षांच्या आसपास होते.

त्या पत्राचे उत्तर मुलास मिळाले नाही. ते त्याच्या आईबापांस मिळाले. पॅकर यांनी मुलाच्या या शंका नास्तिकपणाच्या आहेत असे बापास कळविले व त्यास शब्बाथशाळेच्या कामावरून तीन महिने दूर केले. ज्याने विचारलेही नव्हते की देव आहे किंवा नाही, त्याच्या कपाळी नास्तिक हा शब्द प्रथम पाळकाने लिहिला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. हा वृत्तांत बहुतांशी ब्रॅडलॉ व त्याची कन्या हायपेशिया यांच्या लेखणीतून आलेला आहे, हेही येथे सांगणे न्यायाचे होईल.

तीन महिने बिनकामाचा झालेला मुलगा लाजेने उपासनेस जाईनासा झाला. रविवारी बॉनर्स फील्ड्स नावाच्या मैदानात सर्व पंथांचे व मतांचे लोक वादविवादास जमत, तेथे तो जाऊ लागला. आश्चर्य असे की तेथे आरंभी तो ख्रिस्ती धर्माच्याच बाजूने वाद करीत असे. परंतु समोरच्या लोकांपाशी त्याच्या प्रश्नांस काही ना काही उत्तर होते, व आपल्या मंडळीत त्याला कोणी उत्तर देणारा नव्हता. हळूहळू त्याचे मत फिरू लागले. याच सुमारास त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली, तर त्याचाही पाळकसाहेबांस राग आला! आमच्या मंडळ्यांत दारूबंदीसाठी झटणाऱ्या बंधूंस हे वाचून नवल वाटेल. तरीही मुलाने एकवार पुन्हा प्रयत्न केला. ख्रिस्ती धर्मावर हल्ला करणारे एक पुस्तक त्याने पॅकर यांजकडे पाठविले व याचे खंडन कसे करावे असे विचारले.

या वेळी उत्तर आले ते असे. नास्तिकास मूर्ख ठरविणारे स्तोत्रसंहितेतील वचन घरातील बैठकीच्या खोलीत मुलाच्या डोळ्यांसमोर टांगण्यात आले. आणि तीन दिवसांत मत बदलले नाही तर घरही जाईल व नोकरीही जाईल, असे त्यास बजावण्यात आले. तिसऱ्या दिवशी मुलाने घर सोडले. वय सोळाच्या आतबाहेर. त्यास थारा दिला तो एलिझा शार्पल्स नावाच्या एका दरिद्री बाईने. ही धर्मविरोधी लेखक रिचर्ड कार्लाइल याच्या मागे राहिलेली स्त्री असून तिची स्वतःची मुलेच अर्धपोटी असत. ख्रिस्ती घराने बाहेर घातलेल्या मुलास नास्तिकांच्या घरी अर्धी भाकर मिळाली, यावर आम्ही अधिक लिहीत नाही.

मधली काही वर्षे थोडक्यात सांगता येतील. कर्ज झाल्यामुळे 1850 साली तो फौजेत शिरला व आयर्लंडात घोडेस्वार म्हणून राहिला. 1853 साली एका वृद्ध नातलगीणीच्या मागे आलेल्या पैशातून सुटका विकत घेऊन परतला आणि वकिलाच्या कचेरीत काम करू लागला. दिवसा कचेरी व रात्री व्याख्याने असा क्रम चालला. 1860 साली नॅशनल रिफॉर्मर हे पत्र निघाले व 1866 साली नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष ब्रॅडलॉ साहेब हेच होते. 1877 साली संततिनियमनाची एक पुस्तिका छापल्यावरून त्यांच्यावर व ॲनी बेझंट यांच्यावर खटला झाला व शिक्षाही ठरली; पुढे कायद्यातील एका दोषामुळे ती रद्द झाली. या बेझंटबाई एका पाळकाची पत्नी होत्या. 1871 साली त्यांची तान्ही मुलगी डांग्या खोकल्याने मरणाच्या दारी गेली, तेव्हा दयाळू देव हे कसे होऊ देतो या विचाराने त्यांचा विश्वास डळमळला. मुलगी वाचली, पण विश्वास वाचला नाही. म्हणजे ब्रॅडलॉचे शंकेचे मूळ पुस्तकात होते व बेझंटबाईंचे पाळण्यापाशी. उपदेशक बंधूंनी सर्व नास्तिकांस एकाच मापाने मोजू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

ब्रॅडलॉ साहेबांचे नाव जगभर झाले ते पार्लमेंटच्या झगड्यामुळे. 1880 साली नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी त्यांस निवडून दिले. सभासदाने बायबलावर शपथ घ्यावी असा नेम होता. ब्रॅडलॉ यांनी शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. मग शपथ घेतो म्हणाले, तर नास्तिकाची शपथ खरी नव्हे म्हणून तीही घेऊ देईनात. जून 1880 मध्ये त्यांस घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र अटकेत ठेवले, व 3 ऑगस्ट 1881 रोजी पोलिसांनी व शिपायांनी त्यांस धक्के मारीत सभागृहाबाहेर काढले. नॉर्दॅम्प्टनकरांनी पुनःपुन्हा त्यांसच निवडले. मुख्य प्रधान ग्लॅडस्टन हे मोठे भाविक ख्रिस्ती; त्यांनी 1883 साली प्रतिज्ञेचे बिल आणून नास्तिकाच्या हक्कासाठी भाषण केले, परंतु ते बिल 3 मतांनी पडले. विरोध करणारांत कित्येक धर्माधिकारी होते. ख्रिस्ताचे नाव घेऊन एका माणसास त्याच्या जागेवरून सहा वर्षे दूर ठेवल्याने ख्रिस्ताचा महिमा किती वाढला, हे आम्हांस सांगता येत नाही. नास्तिकांची व्याख्याने मात्र गर्दीने भरू लागली. अखेर जानेवारी 1886 मध्ये त्यांस बसू दिले, व 1888 साली त्यांच्याच प्रयत्नाने शपथेचा नवा कायदा होऊन प्रतिज्ञेची मोकळीक सर्वांस मिळाली.

खाजगी वर्तनात हे गृहस्थ कसे होते? लोकांनी त्यांच्याविषयी पुष्कळ बनावट गोष्टी पसरविल्या. घड्याळ हातात धरून, देव असेल तर त्याने मला पाच मिनिटांत मारावे असे ते भर सभेत म्हणाले, ही गोष्ट व्यासपीठांवरून सांगितली जाई. ती खोटी म्हणून त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. ज्यास सत्य ठाऊक आहे त्याने असत्याचा आधार घ्यावा, याहून लाजिरवाणे काय? राहणी साधी, कर्ज फेडण्याची चिंता सदा, आणि मुले व बायको यांचे मरण डोळ्यांनी पाहिलेले.

हिंदुस्थानची बाजू पार्लमेंटात ते इतक्या कळकळीने मांडीत की त्यांस हिंदुस्थानचे सभासद म्हणत. 1889 साली जबर दुखण्यातून उठल्यावर ते समुद्रप्रवासास निघाले व डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेच्या पाचव्या बैठकीस हजर राहिले. अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न होते. खाडीपलीकडचे आमचे कामोठे त्या काळी एक लहानसे खेडे होते, व तेथे या साहेबांचे नाव कोणाच्या कानी गेले असेल असे वाटत नाही.

त्याच मंडपात आपल्या पंडिता रमाबाई होत्या. हे दोघे तेथे एकमेकांशी काय बोलले याविषयी आम्ही काही लिहीत नाही. पण दोघांची तुलना मनात आल्यावाचून राहत नाही. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्यांनीही 39 कलमांविषयी, त्रैक्याविषयी व मंडळीच्या अधिकाराविषयी असंख्य प्रश्न विचारले. वाँटेजच्या भगिनींस ते रुचले नाहीत व गर्वाचा आरोपही रमाबाईंवर झाला. परंतु पत्रांचे दळणवळण कोणी तोडले नाही. आणि चेल्टनहॅम येथील शाळेच्या मुख्य बाई डॉरोथिया बील यांनी तर लांबलचक पत्रे लिहून, जे आपणांस उमगले तेवढेच सांगून, त्यांच्या शंकांचा विचार केला. रमाबाई ख्रिस्ताजवळ राहिल्या. पॅकर यांनी असेच एक पत्र लिहिले असते तर ब्रॅडलॉ विश्वासात राहिले असते काय? निश्चयाने कोणी सांगू नये. त्यांचे प्रश्न खरे होते, व ज्या उत्तराने रमाबाईंचे समाधान झाले त्याने त्यांचे झालेच असते असे नाही. शिवाय त्याच घरातून निघालेला त्यांचा धाकटा भाऊ विल्यम पुढे ख्रिस्ती उपदेशक झाला. एका चुलीवरची भाकरी एक करपते व एक फुगते, हे आपल्या बायांस ठाऊक आहे. तथापि पंधरा वर्षांच्या मुलाने साहाय्य मागितले असता ते न देणे, हा दोष मुलाचा नव्हता.

मुंबईहून परतल्यावर त्यांनी 1890 साली हिंदुस्थानच्या कायदेमंडळांत सुधारणा करण्याचे बिल आणले. त्या विषयावरील कायदा 1892 साली झाला, तो त्यांच्या मागे. जानेवारी 1891 मध्ये ते पुन्हा आजारी पडले. त्या महिन्याच्या 27 तारखेस पार्लमेंटने त्यांच्याविरुद्ध केलेला 1880 सालचा ठराव आपल्या दप्तरातून खोडून टाकला. परंतु ते शुद्धीवर नसल्यामुळे ही बातमी त्यांस कळली नाही. ता. 30 रोजी त्यांचा अंत झाला. मरतेवेळी ते देवास शरण गेले अशी आवई लागलीच उठली, तेव्हा शुश्रूषा करणाऱ्या बायांच्या सह्यांची साक्ष घेऊन कन्येस ती खोडून काढावी लागली.

आपले प्रेत कमी खर्चात पुरावे व कोणी भाषण करू नये, अशी त्यांची इच्छा होती. लंडनबाहेर ब्रुकवुड येथे दफन झाले. लंडनमधील पुष्कळ हिंदी लोक त्या दिवशी आगगाडीने तेथे गेले; त्यांत कायद्याचा अभ्यास करणारे 21 वर्षांचे मोहनदास गांधी होते. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, या नास्तिकास शेवटचा मान देण्यासाठी काही पाळकही तेथे आले होते, आणि परतताना स्टेशनावर एका नास्तिकाने त्यांपैकी एकास देवाविषयी टाकून बोलून छेडले असता तो पाळक शांतपणे व नम्रतेने उत्तरे देत राहिला.