जमशेटजी टाटा : गिरणीतील परिवर्तन

भांडवल असले की कारखान्यात नवे यंत्र बसविता येते. त्या यंत्राभोवती कामाची नवी घडी बसविणे मात्र अवघड असते. या दृष्टीने जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या चरित्रातील नागपूरचा कालखंड अभ्यासनीय ठरतो.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते वडिलांच्या व्यापारात शिरले. १८६९ मध्ये त्यांनी चिंचपोकळीची दिवाळखोर तेलगिरणी विकत घेऊन तिचे कापडगिरणीत रूपांतर केले. पुढे लँकेशायरचा वस्त्रोद्योग पाहून आल्यावर त्यांनी नव्या गिरणीसाठी मुंबईऐवजी नागपूर निवडले. विदर्भाचा कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि रेल्वे या तिन्ही सोयी तेथे होत्या. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

आरंभीची वर्षे कसोटीची होती. काटकसरीने घेतलेली यंत्रसामग्री निकृष्ट निघाल्याने ती बदलावी लागली. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या मालवाहतूक विभागातून आलेले होते. त्यांना गिरणीचा अनुभव नव्हता. परंतु जुन्या सवयींचे ओझेही नव्हते. कताईच्या जुन्या 'म्यूल' यंत्रात सूत ओढून पिळणे व गुंडाळणे या क्रिया आळीपाळीने होत. नव्या 'रिंग' चात्यांवर त्या एकाच वेळी, अखंड चालत. लँकेशायरचे गिरणीमालक साशंक असतानाच जमशेटजींनी प्रथम थोड्या प्रमाणावर प्रयोग केला आणि परिणाम पाहून रिंग चात्यांचा स्वीकार केला.

खरा पेच गैरहजेरीचा होता. शेतीच्या हंगामाप्रमाणे जगणाऱ्या माणसांना भोंग्याची शिस्त परकी होती आणि माणूसच आला नाही तर उत्तम यंत्रही थांबून राही. दंड वाढविला असता तर कामगार कायमचाच दुरावण्याची भीती होती. म्हणून नियमित हजेरीसाठी बक्षिसे सुरू झाली. हवेतील आर्द्रता राखणारी आणि आग विझविणारी यंत्रणा बसविण्यात आली. दमट हवेत धागा कमी तुटतो. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईची योजना आली.

१८८६ मध्येच जमशेटजींनी कुर्ल्याची डबघाईस आलेली धरमसी मिल घेतली. तिचे 'स्वदेशी मिल' असे नामकरण झाले. तिची घडी बसविण्यास काही वर्षे लागली. या काळात नागपूरच्या अनुभवी माणसांचे साहाय्य मोलाचे ठरले. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले.

या कार्याचे मूल्यमापन करताना एक मर्यादा ध्यानात घ्यावी. वरील सवलती मालकाच्या इच्छेने मिळाल्या होत्या. तो कामगारांचा हक्क नव्हता. प्रौढ पुरुष कामगारांच्या कामाच्या तासांवर कायद्याचे बंधन १९११ मध्ये आले आणि तेही बारा तासांचे. तरीही कामगाराचे स्थैर्य हा उत्पादनखर्चातील तोटा नसून कार्यक्षमतेचा पाया आहे, हे जमशेटजींनी कायद्याची वाट न पाहता व्यवहारात दाखवून दिले.

विचार करा : आपल्या परिचयातील एखाद्या कामाच्या ठिकाणी नवी पद्धत आली, तेव्हा माणसांच्या तयारीचा विचार कितपत झाला होता?