राधानगरीचे धरण

कोल्हापूरचे शाहू महाराज म्हटले की आम्हा पाठशाळेत वाढलेल्यांना आधी वेदोक्ताचा वाद आठवतो. त्यात चूक शास्त्र्यांचीच होती, एवढे कबूल करून पुढे जातो. कारण माउलींनो, त्या वादापायी राजाचे मोठे काम आम्ही कीर्तनकार सांगायचेच विसरलो.

१८७४ चा जन्म, १८९४ साली राज्याभिषेक, आणि दोनच वर्षांत दुष्काळ! घाटमाथ्यावर आषाढात धो धो पाऊस, अन् उन्हाळ्यात शेत कोरडे. पाणी अडवल्यावाचून कुणब्याची ददात मिटायची नाही, हे महाराजांनी ओळखले. भोगावतीवर धरण बांधायला घेतले. तिथल्या गावाला लेकीच्या नावावरून राधानगरी म्हटले. शेतकऱ्याच्या गुळाला बाजार हवा म्हणून शाहूपुरी पेठ तर आधीच वसवली होती. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड!

पण धरण पैसा खाते. संस्थान ते किती! भिंत अर्धीमुर्धी उभी राहिली आणि काम थांबले. ६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत गेले, अवघे ४७ वर्षांचे. धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर.