हेलसिंकीतील अर्धा तास : कै. खाशाबा जाधव

मोटारींच्या शर्यतींची आवड असलेल्या आमच्या विद्यार्थिमित्रांस १९६६ सालच्या माँटे कार्लो येथील शर्यतीची हकीकत कदाचित ठाऊक असेल. त्या वर्षी जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत आल्प्स पर्वतातील बर्फाळ घाट ओलांडून तिमो मॅकिनेन, राऊनो आल्टोनेन व पॅडी हॉपकर्क हे तिघे आपापल्या चिमुकल्या मिनी गाड्या घेऊन पहिले, दुसरे व तिसरे आले. पंचांनी त्यानंतर गाड्यांची तपासणी केली. समोरच्या दिव्यांची योजना नियमांत बसत नाही, असा ठपका ठेवून त्यांनी या तिन्ही गाड्या आणि त्यांच्या मागोमाग आलेली फोर्डची गाडीही बाद ठरविली. पाउली तोइव्होनेन यांची सित्रोएन गाडी विजयी म्हणून जाहीर झाली. शर्यत झाली घाटात आणि निकाल लागला मेजावर! या निकालाविषयीचा वाद पुढे कित्येक वर्षे चालू राहिला.

तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बाद झालेल्या त्या चालकांच्या पाठीशी एक मोठा कारखाना उभा होता. त्यांच्या वतीने तक्रार झाली, वरिष्ठ मंडळाकडे दाद मागितली गेली, वृत्तपत्रांनी रकाने भरले. दाद लागली नाही हे खरे. पण त्यांची बाजू कोणी मांडलीच नाही, असे मात्र झाले नाही. आपल्या महाराष्ट्रातील एका मल्लास त्याच्या चौदा वर्षे आधी एवढेही लाभले नव्हते. त्याच्या बाबतीत नियम त्याच्याच बाजूने होता. तो नियम उच्चारून दाखविणारा माणूस तेवढा जागेवर नव्हता. त्या मल्लाचे, कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांचे, चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडनजीकच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. कृष्णा आणि कोयना या नद्यांचा जेथे प्रीतिसंगम होतो, तो हा मुलूख. पाच भावांत खाशाबा धाकटे. वडील दादासाहेब स्वतः नामांकित पैलवान होते. त्यामुळे पाटीवर अक्षरे गिरविण्याच्या वयातच मुलाच्या अंगास आखाड्याची लाल माती लागली. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी आसपासच्या भागात गाजलेल्या एका मल्लास अवघ्या दोन मिनिटांत चीत केले, असे सांगतात. आम्ही बालाघाटची माणसे कृष्णाकाठापासून फार दूर, वैनगंगेच्या काठी राहतो. परंतु नागपंचमीच्या सुमाराचा कुस्त्यांचा फड आम्हांसही परका नाही. त्यामुळे आठ वर्षांच्या पोराने गावचा फड मारला म्हणजे गावात काय आनंदीआनंद होतो, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

खाशाबांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. १९४२ च्या चळवळीचा वणवा सातारा जिल्ह्यात किती भडकला होता, हे सर्वश्रुत आहे. शाळेत शिकणाऱ्या खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देणे, त्यांचे निरोप पोहोचविणे अशी कामे केली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येची राजधानीच. तेथे बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्या नजरेखाली त्यांची विद्या तयार झाली. खाशाबा अंगाने धिप्पाड नव्हते. त्यांचे बळ होते चपळाईत आणि डावांच्या अचूकपणात. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत पकडून त्यास फिरवून फेकण्याचा जो ढाक नावाचा डाव, तो त्यांच्या हातचा हुकमी डाव होता.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा भार उचलला आणि खाशाबा ५२ किलो वजनाच्या गटात उतरले. आमच्यापैकी ज्यांनी मातीतील कुस्ती पाहिली आहे, त्यांस गादीवरील कुस्तीची अडचण सहज समजेल. मातीत पाय रुततो, पकड बसते, आणि कुस्ती निकाली होईपर्यंत मल्लास दम धरता येतो. गादीवर पाय सरकतो. वेळ बांधलेली असते. पाठ टेकली नाही तरी पंच गुण मोजून निकाल देतात. खाशाबांस या गादीची सवय मुळीच नव्हती. त्यांच्यासाठी नियमही नवे होते. असे असूनही त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांस हरविले आणि सहावा क्रमांक मिळविला. या वजनाच्या गटात इतका वरचा क्रमांक तोवर कोणाही भारतीयास लाभला नव्हता. पण खाशाबांचे समाधान झाले नाही. परत आल्यावर त्यांनी चार वर्षे मेहनतीचा जो सपाटा लावला, तो पुढच्या ऑलिंपिकवर डोळा ठेवूनच.

पुढचे सामने फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे १९५२ साली व्हावयाचे होते. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेतून संघाची निवड होणार होती. तेथे खाशाबांस एका गुणाने मागे टाकण्यात आले. पंचांनी जाणूनबुजून एक गुण कमी दिला, अशी त्यांची खात्री होती. अशा प्रसंगी बहुतेक माणसे नशिबास बोल लावून घरी परततात. खाशाबा परतले नाहीत. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादवेंद्रसिंह हे त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते, आणि खेळाचे खरे दर्दीही. त्यांनी तक्रार ऐकून घेतली व पुन्हा चाचणीची कुस्ती लावली. त्या कुस्तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यास सरळ चीत केले. मोजण्यासाठी गुणच उरले नाहीत, मग वाद कसला?

ही मद्रासची हकीकत वाचकांनी ध्यानात ठेवावी, अशी आमची विनंती आहे. पुढे हेलसिंकीस जे घडले, त्याचे मर्म तिच्याशी ताडून पाहिल्यावाचून कळणार नाही.

निवड झाली, पण जावयाचे कसे? प्रवासाचा खर्च मल्लानेच जमवावयाचा होता. मुंबई सरकारकडे चार हजार रुपयांची मागणी केली, तेव्हा सामने आटोपल्यावर भेटावे असे उत्तर मिळाले. या उत्तरावर आम्ही काय लिहावे! गोळेश्वरच्या शेतकऱ्यांनी मात्र कोणाचीही वाट पाहिली नाही. खाशाबा वर्गणीसाठी दारोदार हिंडले आणि ज्याला जे जमले ते त्याने दिले. मोठी रक्कम तरीही उरलीच होती. ती राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी उभी केली. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये आपल्या या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. गुरूने शिष्यास विद्या द्यावी, हे आपण नेहमी ऐकतो. डोक्यावरचे छप्पर पणास लावणारा गुरू विरळाच.

हेलसिंकीच्या मेसुहाली नावाच्या प्रदर्शनगृहात कुस्त्या झाल्या. खाशाबा या वेळी ५७ किलोच्या गटात होते. त्या काळची गुणपद्धती आजच्याहून वेगळी होती. एक कुस्ती हरली म्हणून मल्ल लगेच बाहेर जात नसे. प्रत्येक कुस्तीनंतर दोषगुण पडत : समोरच्यास चीत केले तर एकही नाही, नुसत्या पंचांच्या कौलावर जिंकले तर थोडे, हरले तर अधिक. ठराविक दोषगुण साचले की मल्ल बाद होई. याप्रमाणे गाळणी होत होत अखेरीस जे तिघे उरत, त्यांच्यात पदकांचा निवाडा होई. खाशाबांनी कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ या तिघांस पाडाव करून अखेरच्या तिघांत स्थान मिळविले. उरलेले दोघे होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह. इशी हे मूळचे ज्युदोचे खेळाडू. महायुद्धानंतर ते कुस्तीकडे वळले होते.

२३ जुलै १९५२. या दोन तगड्या मल्लांशी खाशाबांस लढावयाचे होते. दोन कुस्त्यांच्या मध्ये मल्लास किमान अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. गादीवरची पंधरा मिनिटांची झुंज संपली म्हणजे मल्लाची छाती भात्यासारखी हलत असते, बोटांत पकड उरत नाही, मांड्या थरथरतात. नियम करणाऱ्यांनी तो अर्धा तास उगाच घातला नव्हता. पण एक दीर्घ झुंज संपते न संपते तोच खाशाबांस दुसरीसाठी पुकारण्यात आले. विश्रांती मागण्याचा त्यांचा हक्क होता. तो मागावयाचा पथकाच्या अधिकाऱ्याने. आणि त्या क्षणी भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या सभागृहात हजर नव्हता. परकी भाषा, परका देश, अंगात ओला घाम. खाशाबा तसेच गादीवर गेले आणि हरले.

सुवर्णपदक इशी यांस, रौप्यपदक मम्मदबेयोव्ह यांस आणि कांस्यपदक खाशाबांस मिळाले. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक होय. हॉकीचे सुवर्ण त्या वर्षीही आपणच जिंकले होते. परंतु एकट्या माणसाने एकट्याच्या बळावर मिळविलेले दुसरे पदक पाहावयास देशास १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, थांबावे लागले.

तो अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग पालटला असता काय? आम्हांस या प्रश्नाचा मोह आवरतो. इशी व मम्मदबेयोव्ह हे दोघेही असामान्य मल्ल होते, आणि त्यांचे श्रेय हिरावून घेण्याचा हक्क कोणासही नाही. खंत वेगळीच आहे. मद्रासला खाशाबा स्वतःच्या तोंडाने स्वतःची बाजू मांडू शकले, कारण ऐकून घेणारा कान तेथे होता. हेलसिंकीस साडेतीन हजारांहून अधिक मैलांवर गेलेल्या या माणसासाठी शेतकऱ्यांनी वर्गणी काढली, प्राचार्यांनी घर गहाण टाकले. आणि ज्यांचे काम फक्त जागेवर उभे राहण्याचे होते, तेवढेच नेमके नव्हते. माँटे कार्लोच्या पंचांनी नियमाचा कीस काढला म्हणून जग ओरडले. येथे साधा, सरळ, लेखी नियम दुर्लक्षिला गेला आणि कोठेही पान हलले नाही.

गावाने मात्र जे केले ते पाहण्यासारखे होते. खाशाबा परतले तेव्हा कराडच्या स्थानकावर १५१ बैलगाड्या सजून उभ्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल! एरवी पाव तासाची ती वाट. मिरवणुकीस गोळेश्वरात पोहोचावयास सात तास लागले. खेड्याचे नाव भारताच्या नकाशावर कोणी शोधू लागले असेल, तर ते त्या दिवसापासून.

१९५५ साली खाशाबा मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. खात्यांतर्गत स्पर्धा त्यांनी गाजविल्या, तरुण खेळाडूंस शिकविले. सत्तावीस वर्षे नोकरी झाली. बढती मिळून साहाय्यक पोलीस आयुक्त झाले ते अगदी निवृत्तीच्या तोंडावर. निवृत्तिवेतनासाठीही त्यांस खेटे घालावे लागले. १९८२ साली दिल्लीत आशियाई सामने भरले, तेव्हा ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांस मान मिळाला, एवढाच काय तो सरकारी गौरव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील एका अपघातात त्यांचे देहावसान झाले.

बाकीचे सारे मागाहून आले. शिवछत्रपती पुरस्कार १९९२-९३ चा, अर्जुन पुरस्कार २००० सालचा, दोन्ही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांत दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती १९५२ सालचीच आहे. पण सत्कारांच्या गर्दीत ती मागे पडते, म्हणून आम्ही ती मुद्दाम शेवटी ठेविली. हेलसिंकीहून परतल्यावर हारतुरे सुकले नाहीत तोच खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे सामने भरविले. तिकिटे लावली. स्वतः लंगोट कसून ते पुन्हा आखाड्याच्या मातीत उतरले आणि जिंकले. जो पैसा जमला, तो त्यांनी प्राचार्य खर्डेकरांच्या हाती नेऊन दिला, आणि गहाण पडलेले घर सोडवून घेतले.