कुलसुम सयानी : दारोदारी अक्षर नेणारी माता

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर हिरा गुहेत जो पहिला दिव्य संदेश उतरला, त्याचा पहिला शब्दच वाचनाची आज्ञा देणारा होता, हे तुम्ही जाणता. मदीनेत हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लिहिणे शिकविले. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीच्या हाती लेखणी द्यावी, ही आपली जुनी परंपरा आहे. आपल्याच मुंबई शहरात या परंपरेला आयुष्य वाहिलेल्या मरहूमा कुलसुम सयानी यांचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवतो.

त्यांचा जन्म 21 ऑक्टोबर 1900 रोजी गुजरातेत झाला. वडील रजबअली पटेल हे नामांकित डॉक्टर होते. 1917 मध्ये वडिलांसोबत त्या महात्मा गांधींना भेटल्या आणि लोकसेवेची ओढ त्यांच्या मनात रुजली. पुढे डॉ. जान मोहम्मद सयानी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1896 मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारे रहिमतुल्ला सयानी याच घराण्यातील. डॉक्टरसाहेब स्वतः स्वातंत्र्याच्या चळवळीत होते. पत्नीच्या कार्याला त्यांनी नुसती परवानगी दिली नाही, तर साथ दिली. वाचकहो, परवानगी आणि साथ यांतील अंतर आपल्या घरांतील स्त्रियांना चांगले ठाऊक असते.

कुलसुमबेन यांनी 1938 च्या सुमारास पडदानशीन मुस्लिम स्त्रियांना साक्षर करण्याचे काम हाती घेतले. हाताशी होते अवघे शंभर रुपये आणि दोन शिक्षिका. शाळा उघडून विद्यार्थिनींची वाट पाहिली असती, तर वर्ग रिकामाच राहिला असता. कारण ज्या स्त्रिया उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या, त्यांच्यासाठी बाहेरची शाळा असून नसल्यासारखीच. म्हणून त्यांनी शाळाच उंबऱ्याच्या आत नेली. त्या मोहल्ल्यांतून दारोदार फिरल्या, घरच्यांची समजूत घातली आणि शिक्षिका घरी पोहोचविली. चूल, लेकरे आणि पडदा सांभाळूनही स्त्री शिकू शकते, हे त्यांनी वादविवादात न शिरता कामातून सिद्ध केले. पुढे शहराच्या प्रौढ शिक्षण समितीच्या कार्यात त्या अग्रभागी राहिल्या, आणि अखिल भारतीय महिला परिषदेतही त्यांनी जबाबदारीची पदे सांभाळली.

परंतु अक्षरओळख झाली म्हणजे काम संपले असे नाही. प्रौढ वयात शिकलेली अक्षरे वाचनाअभावी काही महिन्यांत पुसली जातात. नवसाक्षर स्त्रीने वाचावे तरी काय? लहान मुलांची पुस्तके तिला पोरकट वाटतात आणि मोठ्यांची वर्तमानपत्रे जड जातात. या अडचणीवर उपाय म्हणून 1940 मध्ये कुलसुमबेन यांनी ‘रहबर’ नावाचे नियतकालिक काढले. भाषा सोपी, बोलीतील हिंदुस्तानी ठेवली. ती उर्दू, नागरी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापली जाई. ज्या काळात भाषा आणि लिपी यांवरून माणसे दुरावत होती, त्या काळात एकच मजकूर तीन लिप्यांत देणे हे जोडण्याचे काम होते. 1945 मध्ये गांधीजींनी त्यांना पत्र लिहून या हेतूला पाठिंबा दिला. सुमारे वीस वर्षे, 1960 पर्यंत, त्यांनी हे पत्र चालविले. मधल्या काळात देशाची फाळणी झाली. तरीही त्यांनी जोडण्याचे काम सोडले नाही. भारत व पाकिस्तान येथील सामान्य माणसांत स्नेह राहावा म्हणून त्या झटल्या, आणि त्याविषयी लिहीतही राहिल्या.

समाजकार्यात गुंतलेल्या स्त्रीचे घर दुर्लक्षित राहते, असा आक्षेप तुम्हीही ऐकला असेल. या घराचे उदाहरण त्याला उत्तर देते. त्यांचे पुत्र हमीद आणि अमीन सयानी यांचा आवाज पुढे रेडिओद्वारे घरोघरी पोहोचला. अमीन लहानपणापासूनच ‘रहबर’च्या कामात आईला हातभार लावीत. सर्वांना समजेल अशी साधी भाषा त्यांना तेथेच लाभली. आईने मुलांना कामापासून दूर ठेवले नाही, कामातच त्यांना घडविले.

पद्मश्री आणि नेहरू साक्षरता पुरस्कार हे सन्मान त्यांना लाभले. 1987 मध्ये त्या अल्लाहच्या रहमतीत गेल्या. माणूस मरण पावला की त्याच्या कर्मांची वही मिटते. मात्र वाहता सदका, लाभदायक ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती यांचे पुण्य चालू राहते, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ज्या स्त्रियांना त्यांच्यामुळे अक्षर लाभले, त्यांनी आपल्या मुलींना वाचायला शिकविले असेल, तर तो प्रवाह आजही वाहत आहे.

आता थोडे आपल्याकडे पाहू. भायखळा, मदनपुरा, नागपाडा, आग्रीपाडा येथील आपल्या मुली आज महाविद्यालयात जातात, अलहम्दुलिल्लाह. पण त्याच घरांतील कित्येक माता-आजी दवाखान्याची चिठ्ठी, बँकेचा अर्ज किंवा महापालिकेची नोटीस वाचून घेण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहतात. कागदावर अंगठा उमटवताना त्या काय मान्य करीत आहेत, हे त्यांना कळत नाही. कित्येकदा वारसाहक्क येथेच बुडतो. जो वाटा अल्लाहने कुरआनात स्त्रीसाठी निश्चित केला, तो एका न वाचलेल्या कागदावर हातचा जातो.

या माता शिकू शकणार नाहीत असे म्हणू नका. त्यांतील अनेकींनी लहानपणी अरबी अक्षरे गिरवून कुरआनाचे नाजिरा पठण पूर्ण केले आहे. ज्यांनी एक लिपी आत्मसात केली, त्यांना दुसरी अशक्य का असावी? घरात मराठी शाळेत शिकलेली नात असेल, तर असरनंतरचा अर्धा तास आजीसाठी ठेवा. शेजारच्या दोघींना बोलवा. याला शंभर रुपयेही लागत नाहीत, नियत तेवढी लागते.

अल्लाह मरहूमा कुलसुम सयानी यांची मगफिरत करो, आणि त्यांनी दारोदारी नेलेले अक्षर आपल्या प्रत्येक घरात पोहोचविण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.