आजचं मनन: मार्क 5:1-20



आजचा शास्त्रभाग वाचताना मला विल्यम ट्यूक आठवला. इंग्लंडमधल्या यॉर्कचा चहा-कॉफीचा व्यापारी, क्वेकर पंथाचा. 1790 मध्ये हॅना मिल्स नावाची क्वेकर विधवा तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. पंथातल्या लोकांना तिला भेटू दिलं नाही आणि काही आठवड्यांतच ती वारली. ट्यूक तेव्हा साठीला टेकलेला. तरी त्याने वर्गणी जमवली आणि 1796 मध्ये ‘रिट्रीट’ उघडलं.

तिथे बाग होती, हाताला काम होतं, अंगणात ससे-कोंबड्या होत्या. डॉक्टर येत, आणि ज्यांना झेपेल ते उपासनेलाही जात. एकदा एका धिप्पाड माणसाला आणलं. त्याला सतत इतकं बांधलेलं असे, की बेड्या न काढता घालता येतील असेच कपडे शिवले होते. रिट्रीटमध्ये त्याच्या बेड्या काढल्या आणि त्याला सोबत जेवायला बसवलं. चारेक महिन्यांनी तो बरा होऊन गेला.

थडग्यांत राहणाऱ्या माणसाकडेही लोक साखळ्या घेऊन गेले होते. येशूने मात्र त्याला नाव विचारलं.

मी डिप्रेशनच्या गोळ्या सुरू केल्या, तेव्हा माझा विश्वास कमी पडला असं मला ऐकवलं गेलं. तीही एक साखळीच की! आता मी रात्री गोळी घेते आणि प्रार्थनाही करते.

प्रभू, आज कुणाची तरी साखळी काढायला मला पाठव. आमेन.